इंदूअक्का पाहुणी जातात

इंदूअक्कांना आहाराबद्दल काही शिकवणं म्हणजे बामणोदच्या माणसाला वांग्याचं भरीत कसं करतात हे समजावून सांगणं. मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी नोकरीत नवी होते. साहेबांना ठाऊक नव्हतं, कारण ते साहेब होते.

धुळ्यातल्या एका शेती प्रशिक्षण केंद्रात माझ्याकडे तेव्हा महिलांच्या कार्यक्रमांचं काम होतं. बॅनर छापून घेणं, माइक बंद पडला की त्यावर टिचकी मारणं, प्रमुख पाहुणे येईपर्यंत बायकांना गाणी म्हणायला लावणं आणि पाहुणे गेल्यावर सतरंज्या झटकणं. मधे उरलेल्या वेळात पोषण. शिरपूरच्या वाटेवर आमळखेडं नावाचं गाव आहे. तिथल्या मारुतीच्या सभामंडपात आमचा पहिला वर्ग भरला. साहेबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "बरं, भगिनींनो, रक्त कशानं वाढतं?"

भगिनींनी रिवाजाप्रमाणे पदराच्या टोकाकडे पाहिलं. मागच्या खांबाजवळून आवाज आला, "साहेब, आधी ताटाचं चित्र दाखवतात. रक्त नंतर येतं."

साहेबांनी लॅपटॉप पाहिला. खरंच, आधी ताटाचं चित्र होतं.

पन्नाशीच्या आसपासची एक काटकुळी बाई पदर डोक्यावर नीट करत उभी राहिली. अंग एवढंसं आणि आवाज विहिरीवरच्या पंपासारखा. शेताच्या उन्हानं रापलेला चेहरा, पण त्या रापलेपणाखाली पिवळट झाक. ती मला तेव्हा दिसली नाही, नंतर दिसली. त्या म्हणाल्या, "ताटानंतर केळं धरलेली बाई येते. मग हिरव्या भाज्या. मग तुम्ही एक विनोद सांगता. मग चहा."

विनोद साहेबांनी सांगितला नाही. चहा मात्र ठरल्या वेळी आला.

अक्का म्हणजे प्रशिक्षणांच्या वारकरी... नव्हे, वारकरी तरी वर्षातून दोनदाच जातात. अक्का गावात कुठल्याही खात्याची जीप आली की जायच्या. आरोग्याची, शेतीची, बँकेची, बचतगटाची. प्रत्येक जीपमधून तेच ताट उतरायचं. कुठल्या खात्याची जीप आहे हे अक्का चहावरून ओळखत: "साखर जास्त म्हंजे बँक." मिळालेली प्रमाणपत्रं त्यांनी वाया जाऊ दिली नव्हती. ज्वारीच्या पिठाचा डबा, डाळीचा डबा, लोणच्याची बरणी, सगळ्यांवर झाकणाच्या आत एकेक 'उत्कृष्ट सहभाग' बसवलेला होता. "प्लास्टिक चढवलेलं असतं ना मॅडम," त्या मला समजावून सांगत, "सरदी धरत नाही." शासनाच्या कागदाचा इतका टिकाऊ उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ज्ञान त्यांनी डब्यात ठेवलं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. ते त्या गावभर वाटत, आणि आमच्यापेक्षा फार चांगलं वाटत. आम्ही लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं असे शब्द टाकून मोकळे होत असू. अक्कांनी या मंडळींना नात्यागोत्यात बसवलं होतं. "लोह म्हंजे नवी सून," त्या सांगत. "एकटी आली तर कोपऱ्यात बसून राहते. लिंबू म्हंजे तिची करवली. ती सोबत असली की घरात मिसळते. आणि चहा म्हंजे खाष्ट सासू. जेवणावर लगेच चहा घेतला की सुनेला उंबऱ्यावरून परत लावते." यावर गावातल्या खऱ्या सासवा हसत आणि खऱ्या सुना खाली बघत. कुणाची सून गरोदर आहे असं कळलं की अक्का त्या घरात जाऊन ओट्यावर ठाण मांडत. सासूला म्हणत, "तिले डाळनं पानी नको देऊ, डाळ दे. पानी तू पी." आमळखेड्यातल्या कितीतरी मुलींच्या ताटात त्या पाच-सहा वर्षांत डाळ घट्ट झाली, त्याचं श्रेय आमच्या बॅनरला नाही.

मग एकदा मी त्यांच्याकडे दुपारी जेवायला थांबले.

घर साधं, नीटनेटकं. नवरा हिलालनाना, मुलगा संजय, सून मनीषा, दोन नातवंडं. नाना आधी बसले, सोबत संजय, सोबत मी, कारण मी पाहुणी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. तांदुळजाची परतलेली भाजी, उडदाचं वरण, वर लसणाची फोडणी. आमच्या केंद्राच्या भिंतीवरचं ताट इथे वाफ टाकत होतं. आमच्यानंतर मुलं जेवली. मुलांनंतर अक्कांनी मनीषाला दटावून बसवलं: "बस म्हनी ना! अंगवर पितं पोर शे तुले." मनीषाचं झाल्यावर अंगणात कुत्रा उभा होता, त्याला त्याची भाकरी गेली. मी हात धुऊन येते तो अक्का चुलीजवळ उभ्या. हातात सकाळच्या भाकरीचा कोपरा, दुसऱ्या हातात कढई. कढईला चिकटलेली भाजी त्या भाकरीच्या कडेनं खरवडून खात होत्या. वरणाच्या पातेल्यात त्यांनी थोडं पाणी घातलं, हलवलं आणि पिऊन टाकलं.

"मन्हं बी जेवन व्हई गयं," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला घेतली.

मी म्हणाले, "अक्का, काल तुम्हीच मंदिरात काय सांगितलंत? डाळीचं पाणी नको, डाळ खा, असंच ना?"

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "मॅडम, ते शिक्षन व्हतं. हाई जेवन शे."

मी आहारशास्त्राची पदवी घेतली आहे, पण या वाक्यावरचा धडा आमच्या पुस्तकात नव्हता.

अक्कांवर कुणी जुलूम करत नव्हतं. हे सांगायला हवं, कारण अशा हकिगतीत नवरा वाईट निघाला की सगळं फार सोपं होतं. हिलालनाना सज्जन होते. बैलाच्या अंगावर हात टाकत नसत, बायकोवर कसा टाकतील? घरात धान्य होतं, दूध होतं. फक्त स्वयंपाकघराचा एक कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता आणि अक्काच त्याच्या फौजदार होत्या: उरेल ते आपलं. आणि अक्कांच्या हाताला चव असल्यामुळे काही उरत नसे.

त्यानंतरचा प्रसंग जळगावचा. तिथे पौष्टिक पाककृतींची स्पर्धा होती आणि आम्ही अक्कांना आमच्या केंद्रातर्फे जीपमध्ये घालून नेलं. पहाटे उठून त्यांनी भाकरी, भाजी आणि तिळाची चटणी केली होती. घरच्यांचं दिवसभराचं करून ठेवलं होतं ते वेगळं. मांडवात बाकीच्या टेबलांवर बिटाचे केक होते, मोड आलेल्या मटकीचे मोर होते, एका बाईनं तर गाजराचा कमळात बसलेला गणपती केला होता. अक्कांचं टेबल त्यात अगदीच खरं दिसत होतं. परीक्षकांनी चमच्याच्या टोकानं सगळं चाखलं आणि अक्कांपाशी येऊन आख्खी भाकरी खाल्ली. पहिला नंबर अर्थात गणपतीला दिला. त्याला देणार नाहीत तर कुणाला? अक्कांना दुसरा.

सत्काराच्या वेळी अक्का मंचावर उभ्या होत्या, अंगावर शाल, हातात नारळ. प्रमुख पाहुणे माइकपाशी होते. "ज्या घरातली लक्ष्मी सुदृढ," ते म्हणाले, आणि अक्का नारळासकट खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. पाहुण्यांनी एकदा वळून पाहिलं आणि म्हणाले, "ते घर सुदृढ." चांगले वक्ते वाक्य अर्धवट सोडत नाहीत.

तोंडावर पाणी मारल्यावर अक्कांनी डोळे उघडले. "भाकरीवर फडकं टाका," त्या म्हणाल्या, "वाळी जाई."

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"भाजीमा मीठ चाखं ना."

दुसऱ्या दिवशी मी आणि नाना त्यांना धुळ्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. तिथे कळलं, की अक्कांच्या गर्भपिशवीत गाठ आहे. अंगावरून फार जातं, आणि हे कित्येक महिने चाललंय. घरात कुणालाच पत्ता नव्हता. पिशवी काढावी लागणार. पण रक्त तपासलं तर ते सातच्याही खाली. डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. नानांकडे बघून त्या म्हणाल्या, "एवढ्या रक्तावर मी यांना टेबलावर घेणार नाही. गोळ्या देते, खाणं वाढवा, दोन महिन्यांनी या. पण हयगय नको. रोज थोडं गळतंय. भरती झाली नाही, तर ऑपरेशन करायची वेळ निघून जाईल."

मग त्या अक्कांकडे वळल्या आणि काय खायचं ते सांगायला लागल्या. अक्कांनी दोन वस्तू ऐकून घेतल्या आणि बाकीची यादी स्वतःच पूर्ण केली. शेवग्याचा पाला, हळीव, तीळ, गूळ, वर लिंबू, चहा तासभर लांब. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला सगळं माहीत आहे की. मग?"

अक्का वरच्या पंख्याकडे बघत बसल्या. पंखा बंद होता.

परत येताना जीपमध्ये नाना एकच वाक्य बोलले. "मॅडम, हिला काही झालं तर घर उघडं पडेल हो." अक्का पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "माले काय धाड भरनी?" पण आवाज पंपाचा नव्हता.

घरी जाऊन अक्कांनी डॉक्टरांचा हुकूम तंतोतंत पाळायला घेतला. रोज हिरवी भाजी शिजायला लागली. शेवग्याच्या पाल्याच्या वड्या, हळिवाचे लाडू, तीळ-गुळाची पोळी, कधी फैजपूरहून त्यांच्या भाच्यानं पाठवलेला केळ्यांचा घड. अक्का सगळं मनापासून करत. आणि इतकं चवदार करत, की जे लोक पूर्वी पालेभाजी बघून तोंड वाकडं करायचे ते दुसऱ्यांदा ताट पुढे करायला लागले. नानांना वड्या फार आवडल्या. संजय शेतात जाताना खिशात लाडू घालून न्यायला लागला. मनीषानं सासूसाठी चार लाडू डाळीच्या डब्यात लपवून ठेवले. पण त्याच दिवशी नानांचे साडू आले आणि अक्कांनी स्वतःच डबा उघडून ते बशीत मांडले. कढई मात्र आधीपेक्षा चकचकीत निघत होती.

गोळ्यांचं आणखी निराळंच. पाकिटावर लिहिलं होतं, जेवणानंतर. अक्का लिहिलेलं पाळणाऱ्या बाई. रोज भांडी घासताना त्या विचार करत, की आपण आज जेवलो का? कोपरा खाल्ला, कढई पुसली, पाणी प्यालो. याला जेवण म्हणायचं का? त्यांच्या मनाला ते पटत नसे. शिकलेली बाई ना! मग गोळी राहून जाई.

महिन्यानंतर मधली तपासणी झाली. अक्कांचं रक्त होतं तिथेच, उलट केसभर खाली. बायको एकटी सुईला घाबरेल म्हणून नानांनीही सोबतीला स्वतःचं रक्त काढून दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा कागद दोनदा पाहिला. "वा! या वयात असं रक्त! नाना, काय खाता हो तुम्ही?"

नानांनी एकेक करून सांगितलं. वड्या. लाडू. तिळाची पोळी. चौथ्या पदार्थाशी त्यांची नजर अक्कांच्या कागदावर गेली. नानांनी टोपी काढली, उलटसुलट करून पाहिली, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओसरीत उभं राहून फर्मान काढलं. "आजपासून या घरात ही आधी जेवेल. नंतर बाकीचे." आणि फर्मान काढून ते शेतात निघून गेले, कारण फर्मान काढलं की काम झालं अशी पुरुषांची समजूत असते. आमच्या केंद्राचीही आहे. मनीषानं ताट वाढलं. अक्का बसल्या. पहिला घास तोंडाशी नेतात तो नातू पडला. त्याला उचलून परत बसल्या, तर तव्यावरची भाकरी करपण्याचा वास आला. मनीषा म्हणाली, मी बघते. अक्का म्हणाल्या, तुला नाही जमायचं. उठल्या त्या उठल्याच. ताट झाकून ठेवलं. ते दुपारी संजयला वाढलं.

दिवस जात होते. मी जायची, दटावायची, परत यायची. अक्का ऐकून घ्यायच्या. मी सांगत होते ते सगळं त्यांना पाठ होतं.

मग उन्हाळ्यात बिबड्यांचे दिवस आले. खानदेशात या ज्वारीच्या पापडांचं काम एकट्या बाईचं नसतं. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, आळीतल्या बायका एकमेकींच्या मदतीला जातात. त्या दिवशी आळीतल्याच विमलबाईंकडे होतं. विमलबाई म्हणजे गोल, गोरी, तोंडानं तिखट बाई. सकाळी लवकर मोठ्या पातेल्यात पीठ शिजवलं, खाटांवर कापडं पसरून बिबड्या थापल्या, ऊन चढायच्या आत सगळं झालं. मी सहज म्हणून आले होते. काम संपल्यावर घरधनिणीनं मदतीला आलेल्यांना जेवू घालायचं, हा रिवाज. विमलबाईंनी अक्कांना पाटावर बसवलं आणि ताट समोर ठेवलं. अक्कांनी थोडं खाल्लं आणि ताटावर हात आडवा धरला.

"हात काढ," विमलबाई म्हणाल्या.

"बस व माय. पोट भरनं."

"कसानं भरनं? चिडी बी इतलंच खास का? मन्हा घरना घास गोड नही लागत तुले?"

"तसं नही व..."

"मंग घे. तुले मन्ही आन शे. नही घेशी ते उद्यापासून तुन्हा दारमा पाय ठेवाव नही."

आता खानदेशातली बाई एक वेळ डॉक्टरची आज्ञा मोडेल, नवऱ्याचं फर्मान झाकून ठेवेल; पण पाहुणी असताना घातलेली आण मोडणार नाही. अक्कांनी हात काढला. एक भाकरी आली. ती संपली तशी दुसरी आली. वरण आलं, भाजी आली, कांदा आला, "एवढा तरी" म्हणून गूळ आला. विमलबाई उभ्या राहून वाढत होत्या, त्यामुळे अक्कांना उठता येत नव्हतं. दुसऱ्याच्या घरात तवा करपला तर करपू दे, आपण बघायचं नसतं. नातू पडला तर तो तीन घरं पलीकडे पडत होता.

जेवून अक्का दाराशी आल्या, कनवटीला हात घातला, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर एक गोळी घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज जेवन झालं ना मॅडम. म्हणून आठवली."

तिथेच उभ्या राहून त्या विचार करत राहिल्या. विमलबाई आत गेल्या होत्या. आम्ही दोघींनी डोकावून पाहिलं तर त्या चुलीजवळ उभ्या, हातात कोपरा, पुढे कढई.

"विमल," अक्कांनी हाक मारली. "तू काय करी ऱ्हायनी?"

"काय करसू? जेवी ऱ्हायनू."

"उद्या दुपारले मन्हाकडे ये. पाहुनी म्हनीसन."

"काबर? काय सण शे?"

"सण कसाले पाहिजे? घरमा आपले कोन आग्रह करस? मी तुले वाढसू, तू माले वाढ."

विमलबाई जोरात हसल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावर पदर घेऊन, अगदी पाहुणीसारख्या आल्या. अक्कांनी त्यांना पाट दिला, समोर बसून वाढलं, आण घातली. तिसऱ्या दिवशी अक्का त्यांच्याकडे. नियम तीनच ठरले. पाहुणीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. 'पुरे' हा शब्द पहिल्या वेळी ऐकू येत नाही असं धरायचं. आणि पाहुणीचं ताट घरच्या पुरुषांच्या आधी, कारण पाहुणा ताटकळत ठेवणं हे कुठल्याच घराला शोभत नाही.

नानांना पहिल्यांदा हे खटकलं. घरात दाणागोटा असताना बायको शेजारी जेवते, लोक काय म्हणतील? ते मला बोलले, अक्कांना बोलले नाहीत. पण एक दिवस ते भुकेले शेतातून आले तर पाटावर विमलबाई. आता घरात पाहुणी जेवत असताना आपण ताट मागायचं कसं? नाना ओसरीवर बसले आणि आतून येणारा भाजीचा वास घेत राहिले. आतून आवाज येत होते, "घे व", "बस व", "तुले आन शे". शेवटी नाना मला म्हणाले, "मॅडम, हे किती दिवस चालेल?"

"अक्कांचं रक्त वाढेपर्यंत."

नानांनी मान हलवली. "मग चालू द्या," म्हणाले. "दोन दोन भाकरी खाऊ द्या त्यांना." आणि उठून पाण्याचा तांब्या आत ठेवून आले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

आळीत हे पसरायला वेळ लागला नाही. दुपारच्या वेळी आमळखेड्यात बायका पदर सावरत या घरातून त्या घरात पाहुण्या जाताना दिसू लागल्या. आणि मग ते आमच्या साहेबांच्या कानावर गेलं.

साहेब खूश झाले. त्यांना त्यात एक मॉडेल दिसलं. मॉडेल दिसलं की त्याला नाव लागतं, नाव लागलं की बॅनर, आणि बॅनर लागला की तो बघायला कुणीतरी मोठं यावं लागतं. 'पाहुणी सखी अभियान' असं नाव ठरलं. उद्घाटनाला वरून दोन साहेब आणि एक मॅडम येणार होत्या. मी म्हटलं, "सर, हे आपोआप चाललंय, चालू द्या." साहेब म्हणाले, "आपोआप चाललंय म्हणूनच त्याला आधार द्यायला हवा."

उद्घाटनाच्या दिवशी आळीतल्या सगळ्या बायका पहाटेपासून चुलीपुढे होत्या. वरून आलेली मंडळी उशिरा आली. भाषणं झाली, नारळ फुटला, फोटो निघाले. मग जेवणं. आता मोठे पाहुणे आले म्हणजे आधी त्यांची पंगत. त्यांच्यासोबत ड्रायव्हर, सरपंच, सरपंचांची माणसं, बॅनर लावणारी मंडळी. बायका वाढत होत्या. आग्रह करण्यात तर त्या आता तरबेज झाल्या होत्या. "घ्या ना साहेब, आण शे!" साहेब लोकांनी भाकऱ्यांवर भाकऱ्या घेतल्या. वरून आलेल्या मॅडम बोटं चाटत म्हणाल्या, "किती सुंदर कल्पना आहे! बायकांनी आधी जेवायचं!" पंगत उठली. जीपा धूळ उडवत गेल्या.

मी आत गेले. आळीतल्या सगळ्या बायका चुलीभोवती उभ्या होत्या, मधे कढई.

विमलबाई म्हणाल्या, "अभियान बठ्ठं पोटभर जेवी गयं."

त्या हसायला लागल्या, मग अक्का, मग सगळ्याच. इतक्या हसल्या की भाकरी तुटेना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाराला आतून कडी घालून जेवायचं ठरवलं. पुढे केंद्रानं त्या अभियानाचा अहवाल पाठवला. त्याचं काय झालं मला माहीत नाही. कडीबद्दल आम्ही त्यात काही लिहिलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंनी अक्कांचं रक्त पुन्हा तपासलं. दहाच्या वर गेलं होतं. त्यांनी विचारलं, "आता काय वेगळं केलंत?" अक्का म्हणाल्या, "पाहुनी गयथू." डॉक्टरीणबाईंना वाटलं बाई माहेरी जाऊन आली. त्यांनी मान डोलावली आणि तारीख दिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर लवकरच माझी जळगावला बदली झाली आणि आमळखेडं सुटलं. अक्का अजून आहेत, ठणठणीत आहेत, असं ऐकते. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दवाखान्यातच, तोंडानं खायची परवानगी मिळाली त्या दिवशी.

दुपारची वेळ होती. जनरल वॉर्डात जेवणाची गाडी आली. दवाखान्याची मऊ खिचडी आणि दुधी भोपळ्याची पांढरट भाजी. त्यात मिरची म्हणून नव्हती. वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी नाकं मुरडली. पलीकडच्या खाटेवरची म्हणाली, "हे काय जेवण आहे? आजाऱ्याला मारायचं खाणं." कुणी घरून आणलेला ठेचा पिशवीतून काढला. नाना अक्कांच्या खाटेजवळ स्टुलावर बसले होते. दुसरीकडे जायला जागा नव्हती, उठून शेतात जायचं नव्हतं. अक्कांना कुणी उठू देत नव्हतं, त्यांनी वाढावं असं कुणी नव्हतं, झाकून ठेवायला घर नव्हतं. त्यांनी ताट मांडीवर घेतलं आणि जेवायला लागल्या.

नाना बघत होते. सुरुवातीला सहज, मग टक लावून. अक्का भराभर, मान खाली घालून, लहान मुलासारख्या चाटूनपुसून खात होत्या. नानांनी शेजारणीकडून ठेच्याची वाटी मागून घेतली आणि पुढे केली. "हे लावून घे. फिकं लागत असेल."

अक्कांनी वाटी हातानं बाजूला केली. "नको. माले तिखट नही चालत."

"कवापासून?"

"पहिलेपासून."

नाना वाटीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतील. घरात माझ्यासाठी रोज मिरचीचा खर्डा असतो. मला वाटायचं, हीसुद्धा तेच खाते." टोपी मागे सरकवत म्हणाले, "मी हिला जेवताना कधी पाहिलीच नाही हो."

अक्कांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, किंवा ऐकू गेलं तरी त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांचं ताट रिकामं झालं होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. गाडी ढकलत वाढणारी बाई वॉर्डाच्या दारातून बाहेर पडत होती. अक्कांनी घसा साफ केला आणि विहिरीवरचा पंप सुरू झाला.

"ओ बाई! आनखी शे का?"

गाडीच्या खडखडाटात बाईंना ते ऐकू गेलं नाही. तेव्हा नाना उठले. धोतराचा सोगा एका हातात, ठेच्याची वाटी दुसऱ्या हातात, टोपी तिरकी, आणि पंचावन्न खाटांच्या... छे, मोजल्या कुणी. त्या लांबलचक वॉर्डातून ते अक्षरशः पळत गेले. "बाई, थांबा! थांबा जरा! तिला पाहिजे!"

अक्का खाटेवर ताट पुढे धरून बसल्या होत्या, दाराकडे बघत.